अण्णा घोरत असेपर्यंत

“हळू!” एस्तेर मॅडम म्हणाल्या.

आम्ही हळू वाजवलं.

“अरे, हळू म्हटलं मी!”

आम्ही आणखी हळू वाजवलं.

“देवा रे! हळू, हळू, हळू!”

आता याच्याहून हळू कसं वाजवायचं? झुबेरचा गज व्हायोलिनच्या एका सुरावरून निघून दुसऱ्या सुरावर पोचेपर्यंत कुणाचा तरी चहा पिऊन झाला असता. क्लॅरिनेट फुंकताना दानेश्वरीचा श्वास संपला आणि ती लालबुंद झाली. सेल उतरलेल्या खेळण्यासारखी आमची अख्खी धून घरघरत, घरघरत मधेच थांबली.

मॅडमनी हातातली ताल दाखवायची काडी स्टँडवर ठेवली आणि कपाळाला हात लावला.

“मी आवाज कमी करा म्हणते, आणि तुम्ही वेग कमी करताय. आवाज आहे तेवढाच!”

“मग तसं सांगायचं की मॅडम,” झुबेर म्हणाला. “आवाज कमी करा, वेग राहू दे, असं.”

“धून चालू असताना एवढी गोष्ट सांगत बसू? तोवर चार ओळी पुढे जाल तुम्ही!”

“खरं आवाज कमी केला तर ऐकू येत नाही, मॅडम.”

“कुणाला?”

“मलाच,” झुबेर म्हणाला, आणि तो चेष्टा करत नव्हता.

इचलकरंजीत, विजेवर कापड विणणाऱ्या मागांच्या गल्लीत जो वाढला नाही त्याला हे कळायचं नाही. आमच्या हॉलच्या डावीकडे माग, उजवीकडे माग, समोर माग. खट्याक-खट, खट्याक-खट, रात्रंदिवस. आमच्याकडे माणसं ‘जेवलास का’ हेसुद्धा भांडल्यासारखं विचारतात. बाहेरगावचा पाहुणा आला की पहिले दोन दिवस त्याला वाटतं, या घरात काहीतरी मोठं बिनसलंय.

अशा गल्लीत मी जन्मले, आणि माझा आवाज मुळातच एवढासा. आता मी दहावीत आहे आणि मला गप्प बसवायला घरात माणसं कमी पडतात, ती गोष्ट वेगळी. पण तेव्हा सातवीत मी बोललेलं कुणाला कळायचंच नाही. शाळेत हजेरीच्या वेळी माझं ‘हजर’ सरांच्या टेबलापर्यंत पोचायचं नाही आणि मी समोर बसलेली असून माझी गैरहजेरी लागायची. आई म्हणायची, “कस्तुरीच्या तोंडाला सायलेन्सर बसवून पाठवलंय देवानं.” मग मी बोलणंच सोडून दिलं होतं. कशाला उगीच?

एस्तेर मॅडम मिरजेहून एसटीनं यायच्या. लहानपणी चर्चमध्ये व्हायोलिन शिकल्या होत्या. तिकडच्या एका संस्थेनं जुनी वाद्यं दुरुस्त करून दिली होती, ती त्यांनी आमच्या गल्लीतल्या तरुण मंडळाच्या हॉलमध्ये आणून ठेवली आणि शाळाशाळांतून मुलं गोळा केली. बाहेर फलक लागला: ‘बाल ऑर्केस्ट्रा’. आता आमच्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत स्टेजवर सिनेमाची गाणी म्हणतात तो. त्यामुळे पहिला महिनाभर बायका दारातून डोकावून विचारायच्या, “गाणारी बाई कधी येणार हो?”

मला मॅडमनी मोठा ड्रम दिला. पोरं हसली. माझ्या छातीएवढा तो ड्रम, आणि त्याच्यामागे मी दिसतसुद्धा नव्हते.

“हिला ड्रम?” झुबेर म्हणाला. “मॅडम, ही मच्छरसुद्धा मारू शकत नाही.”

“म्हणूनच,” मॅडम म्हणाल्या. “बडवणारे या गावात मला हवे तेवढे मिळतील.”

तर त्या दुपारी धून घरघरत थांबली, मॅडमनी कपाळाला हात लावला, आणि तेवढ्यात हॉलचं दार धाडकन उघडलं.

दारात सिद्राम अण्णा उभे. अंगावर बनियन, लुंगी, खांद्यावर चादर, डोळे तांबारलेले आणि केस एका बाजूचे सगळे उभे. हॉलच्या मागच्या भिंतीला लागून खोल्या होत्या. रात्रपाळीचे कामगार दिवसा तिथं झोपायचे. खोल्यांवर आणि हॉलवर मिळून एकच पत्रा, आणि मधली भिंत त्या पत्र्यापर्यंत पोचतच नव्हती. वर चांगली वीतभर फट. इकडे शिंकलं की तिकडून कुणीतरी शिवी द्यायचं.

“बाई,” अण्णा म्हणाले, “मी रात्रभर माग चालवतो. दिवसा झोपलो न्हाई तर रात्री माझी बोटं मागात जातील. हे काय लावलंय तुम्ही?”

“सॉरी हो अण्णा,” मॅडम म्हणाल्या. “पण चारी बाजूंनी एवढे माग खडखडतायत, त्याचा त्रास होत नाही का तुम्हाला?”

“मागाचा कशाला होईल?” अण्णांना प्रश्नच कळला नाही. “माग एकसारखा चालतो. तुमचं तसं हाय का? मधेच जोरात, मधेच बंद, मधेच ते पिपाणीवालं पोरगं किंचाळतंय...”

“पोरगी आहे मी,” दानेश्वरी म्हणाली. “आणि ही पिपाणी नाही, क्लॅरिनेट आहे.”

“किंचाळतंय ना खरं?”

दानेश्वरीनं क्लॅरिनेट पाठीमागे लपवला.

अण्णा एकटे नव्हते. त्यांच्यामागून आणखी तीन-चार चादरी आल्या आणि सगळ्यांच्या मागून मगदूम आप्पा आले. आप्पा मंडळाचे अध्यक्ष. हॉलची किल्ली त्यांच्याकडे. ते कधी घाईत नसायचे. कुठंही भांडण असलं की आधी खुर्ची मागायचे. आत्ताही मागितली. झुबेरनं प्लॅस्टिकची खुर्ची दिली.

“बोला,” आप्पा बसत म्हणाले.

सगळे एकदम बोलले. आप्पांनी सगळ्यांचं ऐकलं. मग मॅडमकडे वळले.

“बाई, तुमचं काम चांगलं हाय. ही पोरं एरवी दुपारभर मोबाईल बघत बसायची, हे मला दिसतंय. खरं या माणसांची झोप म्हणजे यांची भाकरी. हॉल मंडळाचा हाय, आन् ही माणसं मंडळाची हाईत. मी काय करू?”

“आम्ही आवाज कमी करू, आप्पा.”

“तुम्ही महिनाभर त्यांना तेच सांगताय. मलाबी ऐकू येतंय घरात. ‘हळू, हळू.’ कोण ऐकतंय?”

हॉल गेला तर सगळंच जाणार होतं हे आम्हाला ठाऊक होतं. दुसरी जागा नव्हती. मॅडमनी शोधून पाहिली होती. संस्थेनं आधीच सांगून ठेवलं होतं, तिकडे जमत नसेल तर वाद्यं दुसऱ्या गावाला द्यायची. तिथं मुलं वाट बघत होती.

मी ड्रमच्या चामड्यावर हात ठेवून उभी होते. हा माझा ड्रम दुसऱ्या गावात जाईल, तिथली कुठलीतरी पोरगी तो वाजवेल, आणि मी परत वर्गात हजर असून गैरहजर.

आप्पांनी बराच वेळ हनुवटी खाजवली. मग म्हणाले, “असं करू. शनिवारी दुपारी अण्णा आन् ही सगळी नेहमीसारखी झोपतील. तुम्ही तुमची धून पहिल्यापासून शेवटापर्यंत वाजवायची. कुणाची झोपमोड झाली न्हाई तर हॉल तुमचा. झाली, तर किल्ली माझ्याकडं परत.”

“आणि अण्णा मुद्दाम उठले तर?” झुबेरनं विचारलं.

“ए पोरा!” अण्णा भडकले. “मी लबाड वाटलो काय तुला?”

“अण्णा झोपला की घोरतो,” आप्पा म्हणाले. “तीन घरं पलीकडं माझ्या बायकोला ऐकू येतंय. तो घोरत असेपर्यंत तुम्ही जिंकताय. घोरणं थांबलं की हरलात. मी सोता दारात बसून ऐकणार.”

“मला खोटं घोरता येत न्हाई,” अण्णा म्हणाले. त्यांनी चादर झटकून खांद्यावर टाकली आणि परत झोपायला गेले.

त्या संध्याकाळी आई ओसरीत कांड्या भरत होती. मागाला लागणाऱ्या सुताच्या त्या लहान लहान नळ्या. त्या भरायच्या मशीनचा घूंघूं आवाज, बाजूला बाबांचे चार माग, आणि त्या सगळ्यावरून आई स्वयंपाकघराकडे ओरडली, “कस्तूऽऽ! दूध उतू जाईल! गॅस बारीक कर!”

मी गॅस बारीक केला. ज्योत निळी, चिमुकली झाली. आणि मी तिथंच ओट्याला धरून उभी राहिले. ज्योत छोटी झाली होती, पण जळत होती तशीच. तिची काही चाल मंदावली नव्हती. ‘गॅस हळू कर’ असं जगात कुणी म्हणत नाही!

“केलास काऽऽ?”

“केलाऽ,” मी म्हणाले. अर्थात आईला ऐकू गेलं नाही. तिनं येऊन पाहिलं, तर मी गॅसकडे बघत एकटीच हसत होते.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये मॅडम पुन्हा तेच. “हळू!” की आम्ही सगळे मंद.

“मॅडम,” मी म्हणाले.

“परत पहिल्यापासून. झुबेर, गज हलका धर.”

“मॅडम, बारीक म्हणा.”

“दानेश्वरी, क्लॅरिनेटच्या तोंडाची पट्टी ओली कर आधी.”

“मॅडम, हळू नका म्हणू...”

कुणाला पत्ता नाही. माझ्या शेजारी बासरीवाला उभा होता, त्यालासुद्धा नाही. शनिवार डोक्यावर आलेला, हॉल जायची वेळ आलेली, आणि माझा आवाज ड्रमच्या पुढेच जाईना. मग मी काठी उचलली आणि ड्रमवर सगळी ताकद लावून एकच ठोका हाणला.

धाड्!

दानेश्वरीच्या हातून क्लॅरिनेट निसटता निसटता राहिला. भिंतीपलीकडून अण्णांची एक सणसणीत शिवी आली. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“बारीक!” मी ओरडले. “मॅडम, हळू म्हणू नका. बारीक म्हणा!”

“हिला आवाज आहे?” झुबेर म्हणाला.

“गॅस बारीक करतो ना आपण? टीव्ही बारीक करतो? तसं. हळू म्हटलं की हात आपोआप मंद होतात. बारीक म्हटलं तर नाही व्हायचे.” एवढं मोठं वाक्य मी त्या हॉलमध्ये पहिल्यांदाच बोलले होते आणि माझे कान गरम झाले होते.

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. झुबेर मात्र एकदम सरळ झाला. त्याच्या अब्बांचे माग होते, आणि त्याच्या डोक्यात काहीही शिरायचं ते मागाच्या वाटेनंच.

“म्हणजे सूत बारीक,” तो म्हणाला, “माग तोच.”

“हो!” मी म्हणाले.

“मग असं सांगायचं की! बारीक सुताला हात हलका लागतो. नाहीतर तुटतंय.” त्यानं व्हायोलिन मानेखाली घेतलं, गज असा काही टेकवला की जणू खाली खरंच सूत होतं, आणि ओढला.

पहिल्यांदा वाटलं, वाजलंच नाही. मग कळलं, वाजतंय. केसाएवढं. पण चाल अगदी तीच.

मॅडमनी काडी उचलली. धून सुरू झाली. पहिली ओळ नेहमीसारखी दणदणीत गेली आणि मग मॅडम म्हणाल्या, “बारीक!”

आणि सगळा ऑर्केस्ट्रा बारीक झाला. एकदम. दुधाखालचा गॅस व्हावा तसा.

मॅडमच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला नीट सांगता येणार नाही. महिनाभर एसटीचे धक्के खाऊन येणाऱ्या माणसाला त्या दिवशी पहिल्यांदा बसायला जागा मिळाली असावी, तसं काहीतरी.

शनिवारपर्यंत आम्ही दुसरं काही केलं नाही. सकाळी ब्रश करताना बारीक, दप्तर भरताना बारीक. झुबेर घरी ‘अम्मी, पाणी’ असं बारीक म्हणाला तर अम्मीनं त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. माझ्याकडे घरी ड्रम नव्हता. मी बाबांच्या मागांसमोर बसायचे आणि त्यांच्या खट्याक-खटवर मांडीवर बोटांनी आमची धून बसवायचे. धुनीच्या एका मात्रेत मागाचे दोन ठोके बसत होते, अगदी बेतून शिवल्यासारखे. बाबांनी दोनदा बघितलं आणि आईला विचारलं, “ही बरी हाय ना?”

शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि आम्ही दप्तरांसकट हॉलवर आलो. डिसेंबरातली दुपार, ऊन अंगावर घ्यावंसं वाटणारं. चपला बाहेर काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं, तरी सगळे चवड्यांवर चालत होते. आप्पा दारातच खुर्ची टाकून बसले होते. किल्ली मांडीवर.

“झोपलेत?” मॅडमनी खुणेनं विचारलं.

आप्पांनी बोट वर केलं. ऐका.

मागांच्या खट्याक-खटमधून, भिंतीवरच्या फटीतून, अण्णांचं घोरणं येत होतं. घर्रर्र करून वर चढायचं, वर गेल्यावर क्षणभर टेकायचं, आणि फुस्स करून खाली यायचं.

“चांगलं लागलंय,” दानेश्वरी कुजबुजली. “सूर काळी दोन वाटतोय.”

“हसवू नको,” झुबेर कुजबुजला. “मेलो आपण हसलो तर.”

मॅडमनी काडी वर केली. तोंडानं, आवाज न करता, फक्त ओठांनी म्हणाल्या: बारीक.

आणि आम्ही वाजवायला लागलो.

मी खूप कार्यक्रम वाजवलेत त्यानंतर. लोकांनी टाळ्या वाजवाव्या म्हणून वाजवलंय, परीक्षकांनी मान डोलवावी म्हणून वाजवलंय. पण समोरच्यानं डोळे उघडू नयेत म्हणून आम्ही त्या दुपारी वाजवलं तसं परत कधी वाजवलं नाही. प्रत्येकाचा एक कान स्वतःच्या वाद्याकडे, दुसरा भिंतीकडे. घर्रर्र, फुस्स. चालू आहे. घर्रर्र, फुस्स. अजून चालू आहे. माझी काठी चामड्यावर पडत नव्हती, नुसती टेकत होती. पाळण्यातलं बाळ झोपलंय का ते बघायला दार ढकलतात, तसं.

मधल्या ओळीत दानेश्वरीचा क्लॅरिनेट ‘चीं’ म्हणाला. एवढंसंच. अण्णांचं घर्रर्र वर चढलं आणि तिथंच अडकलं. दानेश्वरीनं डोळे घट्ट मिटून घेतले. आप्पांनी मान वाकडी करून कान दिला.

फुस्स.

सगळ्यांचे खांदे एकदम खाली आले. अर्धी धून झाली होती. झुबेरनं माझ्याकडे बघून भुवई उडवली. जमतंय!

आणि लाईट गेली.

हॉलमधला एकुलता एक बल्ब विझला, त्याचं काही नाही. पण डावीकडचे माग थांबले, उजवीकडचे थांबले, समोरचे थांबले. अख्ख्या गल्लीचे माग एकाच दमात गप्प झाले.

बाहेरचे लोक म्हणतील, बरं झालं की. शांतता झाली, झोपणाऱ्यांची मजा. पण आमच्याकडे उलटं असतं. आमच्याकडे माणूस आवाजात झोपतो आणि शांततेनं जागा होतो. रात्री-अपरात्री माग बंद पडला की माझे बाबा झोपेतून ताडकन उठून बसतात. “काय झालं? सूत तुटलं?” डोळे उघडायच्या आधी त्यांचे पाय चपलेत असतात. तान्ही बाळंसुद्धा माग थांबला की रडतात.

मॅडम मिरजेच्या. त्यांना हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांनी हात हवेतच थांबवला, कारण पोरं थांबली होती. पोरं थांबली होती, कारण पोरांना ठाऊक होतं.

भिंतीपलीकडे घर्रर्र वर चढलं. आणि पुढे आलंच नाही.

पलीकडे कुणाची तरी खाट करकरली. कुणीतरी खाकरलं. आप्पांचा हात मांडीवरच्या किल्लीकडे गेला.

मी विचार बिचार काही केला नाही, खरंच सांगते. केला असता तर मी गप्प राहिले असते. विचार करून मी नेहमी गप्पच राहिले होते. पण हात रोज बाबांच्या मागांसमोर बसलेला होता. मी काठी उलटी धरली आणि ड्रमच्या लाकडी कडेवर टेकवली.

खट्याक-खट.

मॅडमनी चमकून पाहिलं.

खट्याक-खट. खट्याक-खट. डावा तळवा चामड्यावर दाबून धरलेला, म्हणजे खाली तो जडसर घुमारा राहील. मागाला असतो तसा. खट्याक-खट. माझे डोळे मॅडमवर होते आणि मी मान हलवत होते: या. या ना! अहो, या!

मॅडमचा हवेतला हात हळूच खाली आला. माझ्या ठोक्यावर. इतके दिवस आम्ही मॅडमच्या मागून जात होतो, त्या दिवशी मॅडम माझ्या मागून आल्या. झुबेरनं गज टेकवला. मग बाकीची व्हायोलिनं. मग बासरी. दानेश्वरीनं छाती भरून श्वास घेतला आणि मला वाटलं, झालं, आता ही किंचाळणार. पण तिनं अर्धा श्वास नाकानं सोडून दिला आणि उरलेल्या अर्ध्यात वाजवलं.

धून सोडली होती तिथूनच सुरू झाली. खाली माझे दोन-दोन ठोके.

आणि एक गंमत झाली. आजूबाजूला माग नव्हते, त्यामुळे आम्ही आम्हालाच ऐकू आलो. महिनाभर वाजवत होतो, पण ऐकलं नव्हतंच कधी! मला झुबेरचं व्हायोलिन वेगळं ऐकू आलं, बासरी वेगळी, आणि ती सगळी एकमेकांच्या मधून जाताना, कापडात उभे-आडवे धागे जातात तशी. झुबेरच्या डोळ्यांत पाणी होतं की ऊन, कुणास ठाऊक. तो आपल्याच हाताकडे बघत होता, हा दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा.

घर्रर्र.

आप्पांनी किल्लीवरचा हात काढला.

फुस्स.

मला नाचावंसं वाटलं. पण दोन्ही हात कामात होते.

आम्ही पुढची ओळ वाजवली, मग त्याच्या पुढची, आणि शेवटच्या ओळीवर मॅडमनी काडीनं एक छोटंसं वर्तुळ काढलं. आम्ही तो शेवटचा सूर बारीक, आणखी बारीक, इतका बारीक केला की तो कधी संपला ते कुणालाच कळलं नाही. मीही काठी उचलली. मॅडमनी दोन्ही मुठी छातीशी धरल्या. जिंकलो!

हॉलमध्ये शांतता.

गल्लीत शांतता.

आणि भिंतीपलीकडे चार खाटा एकदम करकरल्या.

“काय झालं रं?” अण्णांचा आवाज. “कोण थांबलं?”

खोलीचं दार उघडलं. अण्णा आले. मागून बाकीच्या चादरी आल्या. एकानं तर झोपेतच चपला उलट्या घातल्या होत्या. अण्णांनी विझलेल्या बल्बकडे बघितलं, मग बाहेर कान दिला.

“लाईट गेली व्हय? आत्ता गेली?”

“मघाशीच गेली, अण्णा,” आप्पा म्हणाले.

“मघाशी कधी?”

“यांची निम्मी धून व्हायची होती.”

अण्णा विचारात पडले. “छ्या! मग मी तेव्हाच उठलो असतो. लाईट गेली आन् मी झोपून राहिलो, असं झालंच न्हाई कधी. आत्ता कशानं जाग आली मग?”

मग मी बोलले.

“आम्ही थांबलो म्हणून,” मी म्हणाले. हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या अण्णांना ते स्वच्छ ऐकू गेलं.

“हिच्यायला,” अण्णा म्हणाले आणि खाली बसले.

झुबेर मात्र रडकुंडीला आला होता. “म्हणजे झोपमोड झालीच की हो, आप्पा! धून संपल्यावर झाली, खरं झाली. मग आता किल्ली?”

“गप रे!” दानेश्वरीनं त्याला कोपर मारलं. “तुला कुणी विचारलं?”

“थांबा, थांबा,” आप्पा म्हणाले. त्यांनी किल्ली हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. हा प्रश्न मंडळाच्या इतिहासात आला नव्हता. “झोप मोडली, हे खरं. वाजवण्यानं न्हाई मोडली, हे बी खरं. न वाजवण्यानं मोडली. मग याचा निकाल...”

“निकाल नंतर दे की, आप्पा!” अण्णा वैतागले. “मला रात्री कामावर जायचंय. बाई, तुम्हाला कुणी थांबा म्हटलं होतं? लाईट येईपर्यंत वाजवा. आन् ए, ठोकेवाली पोरी, तू मघासारखंच ठोक. त्या पिपाणीला बी घ्या.”

“क्लॅरिनेट,” दानेश्वरी म्हणाली.

“तेच ते.” अण्णा खोलीत परत गेलेच नाहीत. त्यांनी हॉलच्या फरशीवर उन्हाचा पट्टा पडला होता तिथंच चादर अंथरली आणि आडवे झाले. बाकीच्यांनीही जागा बघून घेतली.

मॅडमनी आमच्याकडे पाहिलं, काडी उचलली, आणि मग ती काडी माझ्याकडे केली. तू सुरू कर.

खट्याक-खट. खट्याक-खट.

पहिल्या ओळीत अण्णा घोरायला लागले, माझ्या ड्रमपासून दोन हातांवर. दुसऱ्या ओळीत उलट्या चपलांचा. धून संपत आली तशी मॅडमनी काडीनं खूण केली, परत पहिल्यापासून. परत वाजवली. मग आणखी एकदा. बाहेर दारात गल्लीतल्या दोन बायका बाळांना खांद्यावर घेऊन येऊन उभ्या राहिल्या. बाळं खांद्यावरच कलंडली. लाईट यायचं काही चिन्ह नव्हतं.

चौथ्या खेपेला झुबेरला राहवेना. गज न थांबवता त्यानं मान वळवून आप्पांकडे पाहिलं आणि भुवयांनी विचारलं: निकाल?

आम्ही सगळ्यांनीच वाजवता वाजवता दाराकडे पाहिलं.

आप्पांची मान छातीवर पडली होती. किल्ली बोटांतून सुटून फरशीवर पडली होती आणि आप्पा अण्णांच्याही वरच्या पट्टीत घोरत होते.

दानेश्वरीचे गाल फुगले. झुबेरनं खालचा ओठ दातांत धरला. मॅडम पाठ करून उभ्या राहिल्या, पण त्यांचे खांदे हलत होते. आमच्यातलं एक जण जरी फिस्सकन हसलं असतं, तर अख्खी गल्ली उठून बसली असती.

आम्ही वाजवत राहिलो.